बारावी सायन्सला ५३.८३ टक्के, दहावीला ९१ होते. आता पुढे काय करावं?

तुळशीकट्टा (९ मे, रात्री ११:२०)

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतेय, लिहितेय पहिल्यांदा. आम्ही पंढरपूरजवळचे. माझ्या लेकीचा बारावीचा निकाल सोमवारी लागला. इंग्रजी ६१, मराठी ६८, फिजिक्स ४४, केमिस्ट्री ४६, गणित ४१, बायोलॉजी ६३. एकूण ६०० पैकी ३२३.

दहावीला ९१ टक्के होते. तेव्हा गल्लीत पेढे वाटले, फ्लेक्स लागला. मग सगळ्यांनी सांगितलं म्हणून दोन वर्षं क्लासला घातलं. कॉलेज टाय-अपचं, म्हणजे फक्त प्रात्यक्षिकापुरतं. बाकी दिवसभर क्लास, संध्याकाळी टेस्ट, रविवारी मोठी टेस्ट. आधी जेईई आणि नीट दोन्ही, दिवाळीनंतर नीट सोडलं. सीईटीचा पीसीएमचा (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) पेपर दिलाय, निकाल जूनमध्ये.

तिला इंजिनिअरिंगच करायचंय. पण क्लासमधून सांगितलं की खुल्या प्रवर्गाला पीसीएमला ४५ टक्के लागतात. तिचे ३०० पैकी १३१ होतात, म्हणजे ४३.६७. चार गुणांनी दार बंद झालं म्हणे. एक वर्ष ड्रॉप घ्या, पुन्हा आमच्याकडेच बसवा, असं त्यांचं म्हणणं. तिचे बाबा जवळजवळ तयार आहेत. फीचा पहिला हप्ता सोमवारपर्यंत भरला तर जागा पक्की.

पोरगी बोलत नाही. जेवायला हाक मारली की "नंतर" म्हणते. दुपारभर गच्चीवरच्या खोलीत पंखा लावून पडून असते. मावशीचा फोन आला तर दार लावून घेतलं. काय करू, कळत नाही. कुणी या वाटेने गेलं असेल तर सांगा.

वऱ्हाडी_बाप (९ मे, रात्री ११:५२)

ताई, आधी सोमवारचा हप्ता थांबवा. माझ्या मोठ्या पोराच्या वेळी आम्ही निकालानंतर आठ दिवसांतच ड्रॉप ठरवून टाकला होता. मोठ्या शहरात होस्टेल, मेस, क्लास, सगळं केलं. तो रोज फोनवर "अभ्यास करून राहिलो" म्हणे. जानेवारीत भेटायला गेलो तेव्हा समजलं, दोन महिने तो खोलीबाहेरच फारसा पडला नव्हता. ते वर्ष त्याला नको होतं. आम्हाला पाहिजे होतं, नातेवाइकांना सांगायला काहीतरी असावं म्हणून. आज इतक्या वर्षांनी हे लिहितानाही गळा दाटतो.

दुसरं, ती गच्चीवरच्या खोलीत एकटी झोपते का? आज रात्री तुम्ही तिच्याजवळ झोपा. अभ्यासाचं काही बोलू नका. फारच गप्प वाटली तर मनावरचा ताण बोलायला टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आम्ही तेव्हा कुणाशीच बोललो नाही, ती चूक तुम्ही करू नका.

तुळशीकट्टा (१० मे, सकाळी ६:४०)

दादा, गादी उचलून तिच्या खोलीत गेले. ती काही बोलली नाही, पण पहाटे तिचा हात माझ्या अंगावर होता. हप्ता थांबवायला सांगितलाय यांना.

खडूफळा (१० मे, सकाळी ९:१५)

कनिष्ठ महाविद्यालयात ३१ वर्षं फिजिक्स शिकवलं, बोर्डाचे पेपर तपासले, आता निवृत्त आहे. दोन गोष्टी ताबडतोब सांगतो, कारण दोन्हींना मुदत आहे.

पहिली. पीसीएम ४५ ही अर्धी माहिती आहे. महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या पात्रतेसाठी फिजिक्स आणि गणित हे दोन विषय सक्तीचे. तिसरा केमिस्ट्रीच हवा असं नाही, बायोलॉजीही चालतो. या तिन्हींची बेरीज करून खुल्या प्रवर्गाला ४५ आणि राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४० टक्के लागतात. लेकीचे ४४ अधिक ४१ अधिक ६३ किती होतात ते तुम्हीच मांडून बघा. सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेतलं पात्रतेचं पान स्वतः वाचा, छापून घ्या आणि अर्ज भरताना सुविधा केंद्रात ते पान समोर ठेवून विचारा. क्लासच्या काउंटरवर मिळालेल्या तोंडी माहितीवर वर्ष घालवू नये.

दुसरी. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. ऑनलाइन अर्ज असतो, निकालानंतर साधारण पंधरवडा मिळतो, विषयामागे शुल्क आहे. पुनर्मूल्यांकन हवं असेल तर आधी छायाप्रत घ्यावीच लागते आणि ती मिळाल्यापासून पाच कामकाजाच्या दिवसांत अर्ज करावा लागतो. पण मी छायाप्रत मागवा म्हणतो ते गुण वाढतील म्हणून नव्हे. ९१ टक्क्यांची मुलगी ५३ वर आली ती नेमकी कुठे घसरली, हे त्या कागदावर दिसतं. फिजिक्स आणि गणित, दोनच मागवा.

तुळशीकट्टा (१० मे, सकाळी ९:४८)

सर, तीनदा बेरीज केली. १४८ होतात. ३०० पैकी १४८ म्हणजे ४९.३३ ना? यांना कागदावर लिहून दाखवलं. ते काही न बोलता बाहेर जाऊन बसले. दोन्ही विषयांच्या छायाप्रतींचा अर्ज आजच करतो.

कोरडवाहू (१० मे, दुपारी १:०५)

मग प्रश्न मिटला की. प्रवेशाचा क्रम सीईटीच्या पर्सेंटाइलवर (शंभरातल्या किती मुलांच्या पुढे आहात त्यावर) लागतो, बारावी फक्त पात्रतेपुरती. छायाप्रतीवर पैसे कशाला घालवता? तेवढ्यात ऑप्शन फॉर्मची, म्हणजे कॉलेजांची पसंती भरायच्या अर्जाची, माहिती काढा.

खडूफळा (१० मे, दुपारी २:३०)

कोरडवाहू, क्रमाचं तुमचं बरोबर आहे, पण प्रश्न मिटला नाही. सीईटीत पर्यायांवर टिक करायची, उणे गुण नाहीत. इंजिनिअरिंगला पहिल्याच सेमिस्टरला गणिताचा लेखी पेपर समोर येतो आणि तिथे पायऱ्या लिहाव्या लागतात. मुलगी लिहिण्यात कच्ची असेल तर हीच घसरण डिसेंबरमध्ये पुन्हा होईल, तेव्हा वर फी भरलेली असेल आणि घर लांब असेल. मी अशी मुलं पाहिली आहेत. पहिल्या वर्षाचे विषय राहतात, मग ती दिवाळीला घरी येणं टाळतात.

स्लाइडरूल (१० मे, रात्री ९:१०)

सरांच्या मताला जोडून, थोडं वेगळं. पात्र आहे म्हणून कुठल्याही खाजगी कॉलेजला प्रवेश घेऊन टाकू नका. मी २००९ चा बारावी, ४७ टक्के. घरी पैसे नव्हते म्हणून डोनेशनचा विषयच आला नाही. बारावी सायन्सवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, तो घेतला. वर्कशॉपमध्ये लेथवर उभा राहिलो तेव्हा पहिल्यांदा वाटलं की मला हे जमतंय. दोन वर्षांनी डिप्लोमाच्या टक्क्यांवर डिग्रीच्या थेट द्वितीय वर्षाला गेलो. दोन अधिक तीन अशी पाच वर्षं, म्हणजे सरळ डिग्रीपेक्षा एकच वर्ष जास्त. आणि त्या एका वर्षात हातात एक पदविका आली. आज चाकणला आहे.

ड्रॉपमध्येही एकच वर्ष जातं, हे काकांना सांगा. वर्ष दोन्हीकडे जातं, एकीकडे त्याबदल्यात काही मिळतं.

तुळशीकट्टा (१० मे, रात्री ९:३५)

दादा, हे तर आम्हाला ठाऊकच नव्हतं. डिप्लोमा दहावीनंतरच होतो असं वाटायचं.

रानजाई (११ मे, सकाळी ११:००)

मी २०२१ ची बॅच. आमची बारावीची परीक्षाच झाली नाही. दहावीचे ३० टक्के, अकरावीचे ३० आणि बारावीच्या अंतर्गत कामाचे ४० धरून निकाल लावला. राज्याचा निकाल ९९.६३ टक्के लागला, आणि सगळे उड्या मारत असताना माझे ५७ आले, कारण अकरावी "तशी काही मोजत नाही" म्हणून मी सोडून दिली होती. परीक्षाच नाही, तर चांगला पेपर लिहून भरून काढायची संधीही नाही. ज्यांना ती संधी आहे त्यांचा मला अजून हेवा वाटतो.

बीएस्सी संख्याशास्त्राला गेले, छान चाललं. पण एक गोष्ट इथे कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. शेवटच्या वर्षी कॅम्पसला आलेल्या काही कंपन्यांची अट होती: दहावी, बारावी, पदवी सगळीकडे ६० टक्के. पदवीला माझे ८१ होते, तरी त्या यादीत माझं नाव नव्हतं. सगळ्या कंपन्या असं करत नाहीत, मला दुसरीकडे नोकरी लागलीही. पण "बारावीचे गुण नंतर कुणी विचारत नाही" असं कुणी लेकीला सांगितलं तर ते पूर्ण खरं नाही. शक्य असेल तर ६० च्या वर न्या.

खडूफळा (११ मे, दुपारी १२:२०)

रानजाई, फार मोलाचं लिहिलंस.

ताई, त्यासाठी बोर्डाची श्रेणीसुधार योजना आहे. पास झालेला विद्यार्थीही पुन्हा बसू शकतो. पुरवणी परीक्षा जूनअखेर सुरू होतेय, तिचे अर्ज सुरू आहेत आणि ते कनिष्ठ महाविद्यालयामार्फतच भरायचे असतात. ६०० पैकी ३६० झाले की ६० टक्के. म्हणजे तिला ३७ गुण हवेत, आणि फिजिक्स, गणित, केमिस्ट्री हे तीन विषय जिथे आहेत तिथे ३७ गुणांना भरपूर जागा आहे. पुरवणीचा निकाल येईपर्यंत प्रवेशाचं काम पुढे गेलेलं असेल, त्यामुळे प्रवेश आताच्या गुणांवरच धरून चला. ही परीक्षा पुढच्या आयुष्यासाठी आणि लिहायची सवय लागावी म्हणून.

काही दारं मात्र खरंच बंद आहेत, तीही सांगून टाकतो. जेईईतून एनआयटीला जायचं तर बारावीला ७५ टक्के किंवा बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये नाव लागतं. आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्थांना साठ टक्क्यांची अट आहे. यंदा तिकडे बघू नका. नीटची पीसीबीची (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) ५० टक्क्यांची अट मात्र ती पार करते, १५३ म्हणजे ५१ टक्के. तिची इच्छा नाही हे समजलं, तरी तिला हे माहीत असू दे. बंद किती आणि उघडी किती, हे मुलांना आकड्यांत दिसलं पाहिजे.

वऱ्हाडी_बाप (११ मे, दुपारी १:१५)

सर, सगळं बरोबर. पण पोरीला विचारलं का कुणी? निकालाला आठवडा होत आला आणि आपण सहा जण तिचं आयुष्य ठरवून राहिलो.

तुळशीकट्टा (१३ मे, रात्री १०:००)

दादांचं वाचून लाज वाटली. हा सगळा धागा तिच्या हातात दिला आणि मी भाकऱ्या थापायला गेले. तासाभराने ओट्यापाशी आली आणि म्हणाली, "आई, पुरवणीचा फॉर्म भरू या." काल बाबांसोबत कॉलेजात जाऊन भरून आली. दोन वर्षांत त्या कॉलेजच्या ऑफिसात ती चौथ्यांदा गेली असेल.

तुळशीकट्टा (२६ मे, संध्याकाळी ७:३०)

छायाप्रती आल्या. सरांना पाठवल्या, पण इथेही लिहिते, कारण दुसऱ्या आईबापांनी हे बघायला हवं.

गणिताच्या लेखीत ८० पैकी २३. त्यात बहुपर्यायीचे १६ पैकी १४! एका गुणाच्या चार प्रश्नांचे ३. म्हणजे पहिल्या २० गुणांतले १७ मिळाले आणि उरलेल्या ६० गुणांतले ६. चार गुणांचे पाच सोडवायचे होते, त्यातले दोन सुरू करून खोडलेले, बाकी पानं कोरी. काही ठिकाणी नुसतं उत्तर लिहिलंय, बरोबर उत्तर, आणि पायरी एकही नाही. फिजिक्समध्ये ७० पैकी १८, तीच तऱ्हा. बहुपर्यायीचे १० पैकी ८, आणि चार गुणांच्या विभागात शून्य.

ही कोरी पानं बघून मला रडू आलं. दोन वर्षांत आम्ही तिच्या टेस्टचे रँक बघत होतो. क्लासकडून दर रविवारी मेसेज यायचा, तीनशे मुलांत चाळिसावी, पस्तिसावी. तिने हाताने लिहिलेला एकही पेपर आम्ही पाहिला नव्हता, आणि पाहायला मागितलाही नव्हता.

खडूफळा (२६ मे, रात्री ९:००)

पाहिलं. तपासणी योग्य झालीये, पुनर्मूल्यांकनात पैसे घालू नका. तिला विषय येतो. तिला लिहून दाखवायला कुणी बसवलं नाही, बस. हे दुरुस्त होणारं दुखणं आहे.

बारावीचा फिजिक्सचा पेपर नीट बघा. बहुपर्यायी आणि एकगुणी मिळून १८. दोन गुणांचे बारापैकी आठ, तीन गुणांचे बारापैकी आठ, चार गुणांचे पाचपैकी तीन. म्हणजे ५२ गुण लिहिण्याचे, आणि त्यात पर्यायही भरपूर. सूत्र, आकृती, पायऱ्या, एकक, प्रत्येकाला गुण असतात. शेवटचं उत्तर चुकलं तरी तीनातले दोन पदरात पडतात. क्लासमध्ये उलटं शिकवतात, उत्तर आलं की पुढे चला. ती सवय मोडायला चार आठवडे आहेत.

तुळशीकट्टा (२७ मे, दुपारी ३:४०)

मी लेक लिहितेय, आईचा आयडी आहे.

सगळ्यांना थँक्यू. मला एक सांगायचंय जे घरी पण सांगितलं नव्हतं. मला हे डिसेंबरमध्येच कळलं होतं. कॉलेजच्या सराव परीक्षेला मी गणितात पहिला तास संपल्यावर नुसती बसून होते. वाटायचं, डोक्यात सगळं आहे, पण कुठून सुरू करायचं ते कळत नाही. ते पेपर परत मिळालेच नाहीत. क्लासमध्ये विचारलं तर म्हणाले, बोर्डाचं होऊन जातं, तू टेस्टवर लक्ष दे. माझा रँक चांगला होता म्हणून मी पण तेच खरं धरलं. आईबाबांना सांगितलं असतं तर त्यांनी एवढी फी भरलीये हे आठवलं असतं, म्हणून नाही सांगितलं.

मला ड्रॉप नकोय. मला परत त्या हॉलमध्ये तीनशे जणांत बसायचं नाही. पण लिहायला शिकायचंय. सर, मी रोज एक प्रश्न सोडवून फोटो पाठवला तर तुम्ही तपासाल का?

खडूफळा (२७ मे, दुपारी ३:५५)

रोज तीन पाठव. घड्याळ लावून सोडव आणि वेळ वर लिही. खोडायचं नाही, चुकलं तर एक रेघ मारून पुढे जायचं.

वऱ्हाडी_बाप (२७ मे, दुपारी ४:३०)

पोरी, डिसेंबरमधलं हे तू आज सांगितलंस, त्याला फार हिंमत लागते. माझ्या पोराला ते सांगायला मी जागाच ठेवली नव्हती. तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग.

स्लाइडरूल (१७ जून, सकाळी १०:१०)

सीईटीचा निकाल लागला ना काल? काय झालं?

तुळशीकट्टा (१७ जून, रात्री ८:४५)

८४ पर्सेंटाइलच्या थोडं वर. पुण्यातली नावाजलेली कॉलेजं यात येणार नाहीत, हे तिनेच आम्हाला समजावून सांगितलं. वही घेऊन मागच्या वर्षीचे कटऑफ उतरवत बसली होती.

तिने असं ठरवलंय. सोलापूर-पंढरपूर-सांगली पट्ट्यातली, घरून किंवा मामाकडून जाता येईल अशी कॉलेजं ऑप्शन फॉर्मला भरायची. फी झेपेल आणि सिव्हिल किंवा इलेक्ट्रिकल मिळेल तरच घ्यायचं. नाही जमलं तर डिप्लोमाचं थेट दुसरं वर्ष, स्लाइडरूल दादांसारखं. त्याचीही वेगळी यादी केलीये. कॉम्प्युटरसाठी आमचाच आग्रह होता, तो तिने बाजूला ठेवला. म्हणाली, बाबांनी घर बांधलं तेव्हा मी रोज गवंड्यांच्या मागे फिरायचे, आठवतं का? आठवलं. तेव्हा ती सहावीत होती आणि ओळंबा हातात धरून उभी राहायची.

बाबांनी क्लासला फोन करून जागा नको असल्याचं सांगितलं. पलीकडून बरंच समजावत होते. हे फक्त "नको" म्हणाले आणि फोन ठेवला.

रानजाई (१७ जून, रात्री ९:२०)

ओळंबा! किती छान. ताई, अधिवास प्रमाणपत्र आणि शाळा सोडल्याचा दाखला आत्ताच तयार ठेवा. दाखल्याच्या प्रती जास्त काढा, ऐनवेळी झेरॉक्सच्या दुकानाबाहेर रांग असते. आणि आधी दुसऱ्या कुठल्या कॉलेजात बीएस्सीला प्रवेश घेऊन ठेवणार असाल तर मूळ दाखला तिकडे अडकतो, परत काढायला दिवस जातात. माझ्या मैत्रिणीची त्यात प्रवेशाची एक फेरी गेली होती.

तुळशीकट्टा (१७ जून, रात्री ९:४०)

बरं झालं सांगितलंस गं. अधिवास काढलेला आहे, दाखला उद्या आणते.

तुळशीकट्टा (२१ जून, सकाळी ७:०५)

सर, मी लेक. कालचे तीन पाठवलेत. कोनिकल पेंड्युलमचा आवर्तकाल पहिल्यांदा पूर्ण लिहिलाय, न खोडता. नऊ मिनिटं लागली.

खडूफळा (२१ जून, सकाळी ७:३०)

पेंड्युलमला तीन गुणांपैकी दोन दिले. मांडणी स्वच्छ आहे, शेवटची ओळ बरोबर. आकृतीत दोरीतल्या ताणाचे दोन घटक दाखवले नाहीस, तो एक गुण गेला. आणि तीन गुणांना सात मिनिटांच्या वर वेळ द्यायचा नाही. दुपारी पुन्हा सोडव.

तुळशीकट्टा (२१ जून, दुपारी १:१०)

सोडवला. घटक दाखवलेत. साडेसहा मिनिटं. फोटो पाठवते, आई जेवायला बोलावतेय, जेवून आले की केमिस्ट्रीचा पण पाठवते.